गोळा, वांब, पेटके

प्रस्तावना

रात्रीचे दोन-अडीच वाजलेले असतात. घरातील सर्वजण गाढ झोपेत असतात. झोपेतच कुणीतरी आळस देते, पाय लांब करून पाऊल खाली ताणते आणि दुसऱ्याच क्षणी पोटरीत असा पीळ बसतो की ते माणूस ओरडत उठून बसते. पोटरीला हात लावावा तर ती दगडासारखी घट्ट लागते. अर्ध्या-एक मिनिटात, फार तर पाच-दहा मिनिटांत सारे शांत होते. मागे राहतो तो केवळ ठणका, आणि तोही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विसरला जातो.

हा अनुभव आला नाही असा प्रौढ मनुष्य विरळाच. पण 'काय झाले?' असे विचारले, तर एकाच चाळीतील चार घरांतून चार उत्तरे येतील. कुणी म्हणेल, 'पायात गोळा आला.' कुणी म्हणेल, 'वांब आला.' तिसरा 'शिरेवर शीर चढली' असे सांगेल आणि घरातील वृद्ध आजी 'वात आहे तो, दुसरे काय?' असा निर्वाळा देऊन कूस बदलेल. पुस्तकात किंवा वर्तमानपत्राच्या आरोग्यविषयक सदरात मात्र तुम्हाला बहुधा 'पेटके येणे' हा शब्द आढळेल.

या पाठात तुम्ही या नावांचा अभ्यास करणार आहात. नावातून दुखण्याचे कोणते चित्र उभे राहते, शरीरात प्रत्यक्ष काय घडते आणि दवाखान्यात गेल्यावर हे दुखणे कोणत्या शब्दांत सांगावे, हे पाठाच्या वाचनानंतर तुम्हाला सांगता येईल.

मूळ पाठ

१. नावे कशी पडली?

बोलीभाषेतील शब्द ओबडधोबड असतात, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. दुखण्यांच्या नावांपुरते तरी लोकभाषेचे निरीक्षण फार बारीक असते. 'गोळा' हाच शब्द घ्या. पोटरीचा स्नायू एकाएकी आवळला की त्याचा फुगीर भाग वर सरकून एका जागी जमा झाल्यासारखा होतो. अंधारात हात फिरवणाऱ्याच्या बोटांना जे लागते, तेच या नावात उतरले आहे.

'पोटरी' हे त्या अवयवाचे नावही पाहण्यासारखे आहे. ते 'पोट' या शब्दापासून आले आहे. पायाच्या मागील बाजूस जो फुगीर भाग आहे, तो जणू पायाचे पोट. गंमत अशी की युरोपातील शरीरशास्त्रज्ञांनी या स्नायूला दिलेले 'गॅस्ट्रॉक्नीमियस' हे ग्रीक मुळाचे नावही नेमके तेच सांगते : पायाचे पोट. शेतकऱ्याला 'पोटरी' म्हटले की आणखी एक गोष्ट आठवते. ज्वारीचे कणीस बाहेर पडण्यापूर्वी पानाच्या वेष्टनात फुगलेले असते. त्या अवस्थेला 'पीक पोटरीत आले' असे म्हणतात. एकाच शब्दात माणसाचा पाय आणि ज्वारीचे ताट असे दोन्ही सामावले आहे.

पोटरीलाच काही ठिकाणी 'पिंडरी' किंवा 'पिंढरी' म्हणतात. हिंदीत ती 'पिंडली' होते. या शब्दांच्या मुळाशी संस्कृत 'पिंड' आहे, आणि पिंड म्हणजे गोळा. म्हणजे पोटरीत गोळा येण्यापूर्वीच तिच्या नावात गोळा आलेला आहे!

शेजारच्या भाषांत डोकावले, तर हीच दृष्टी निरनिराळ्या रूपांत दिसते. गुजरातीत पोटरीत 'गोटला' चढतो. गोटला म्हणजे आंब्याची कोय. तेलुगूत पोटरीला 'पिक्क' म्हणतात आणि फळाच्या बीलाही तोच शब्द आहे. कन्नडमध्ये पोटरी म्हणजे 'मीनखंड', माशाचा तुकडा. तमिळमध्ये ती 'केंडै' नावाच्या माशावरून ओळखली जाते. पोटरीचा आकार ज्याने त्याने आपल्या घरातील, शेतातील किंवा नदीतील वस्तूशी ताडून पाहिला. बंगालीत मात्र आकाराऐवजी अडकण्याकडे लक्ष गेले : तेथे पायाला 'खिल' धरते. खिल म्हणजे दाराची खीळ. दाराला आतून खीळ बसावी, तसा पाय जागच्या जागी बंद होतो.

मराठीतील 'वळणे' या क्रियापदातही एक चित्र आहे. 'रात्रभर पोटऱ्या वळत होत्या,' असे दिवसभर उभ्याने काम केलेली स्त्री सांगते. दोरी वळावी, ओले धुणे पिळावे, तसे मांस वळले जात आहे, ही ती जाणीव. वळणे म्हणजे बहुधा एकदाच येणारा तीव्र झटका नसतो. ते पुष्कळ वेळ चालणारे, सौम्य पण झोप लागू न देणारे दुखणे असते. हा भेद बोलीने केला आहे आणि तो उपयोगाचा आहे. आयुर्वेदातही हेच चित्र आढळते. चरकसंहितेत वाताचे म्हणून जे ऐंशी विकार मोजले आहेत, त्यांत 'पिंडिकोद्वेष्टन' नावाचा एक आहे. 'उद्वेष्टन' म्हणजे पीळ पडणे. पाय, पोटरी, मांडी आणि मनगट यांना पिळवटून टाकणाऱ्या विकाराला त्याच ग्रंथात 'खल्ली' असे स्वतंत्र नाव आहे. आजीने 'वात आहे' म्हणून जो निर्वाळा दिला, त्याच्या मागे इतकी जुनी परंपरा उभी आहे.

'शीर चढणे' हा शब्दप्रयोग मात्र थोडा फसवा आहे. हिंदीतील 'नस पर नस चढ़ना' हा त्याचा जुळा भाऊ. शरीरातील एक शीर दुसऱ्या शिरेवर कधीच चढत नाही. पण 'शीर' हा शब्द लोकव्यवहारात फार मोठा आहे. रक्तवाहिनी, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, संवेदना वाहून नेणारी चेता, या साऱ्यांना बोलीत 'शीर'च म्हणतात. कातडीखाली दोरीसारखे जे काही हाताला लागेल ती शीर, असा तो हिशेब आहे. गोळा आल्यावर स्नायूच्या कडा आणि कंडरा ताठ होऊन ठळक लागतात. त्यावरून एकावर एक काहीतरी चढले आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. हाताला लागले ते खरे. त्याचा लावलेला अर्थ तेवढा चुकला.

पाठगत प्रश्न १
(अ) 'पोटरी' आणि 'पिंडरी' या शब्दांची मुळे सांगा.
(आ) 'गोळा येणे' आणि 'पोटऱ्या वळणे' यांत बोलीभाषा कोणता फरक करते?
(इ) 'शीर चढणे' या शब्दप्रयोगास फसवा का म्हटले आहे?

२. पोटरीत काय घडते?

स्नायू आकुंचन पावतो आणि सैल होतो. आपले उठणे, बसणे, चालणे या दोन क्रियांवर चालते. आकुंचनाची आज्ञा मज्जारज्जूतून निघणाऱ्या प्रेरक चेतांमार्फत स्नायूपर्यंत पोहोचते. आज्ञा थांबली की स्नायूने सैल व्हावे, हा नेहमीचा क्रम. गोळा येतो तेव्हा या चेता आपल्या इच्छेला न विचारता, अतिशय वेगाने आज्ञा पाठवीत राहतात. स्नायू सुटत नाही, आणि आवळलेल्या अवस्थेतच राहिल्यामुळे तीव्र वेदना होतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्नायू आवळण्यासाठी शक्ती लागते, हे कोणीही सांगेल. पण सैल होण्यासाठीही शक्ती लागते, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. स्नायूतील तंतूंची परस्परांतील पकड सोडवण्यास ऊर्जा खर्चावी लागते. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठ होते, ते ही ऊर्जा संपल्यामुळेच. खूप थकलेल्या स्नायूत पेटके अधिक येतात, ही बाब या दृष्टीने पाहता नवलाची वाटत नाही.

रात्रीच का? अंथरुणावर उताणे किंवा पालथे पडल्यावर पाऊल आपोआप खाली झुकते. त्यामुळे पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो. अशा आखूड स्थितीत त्याला आणखी आवळण्याची किंचितशी आज्ञा मिळाली, तरी तो गाठीसारखा घट्ट होतो. म्हणूनच आळस देताना पाऊल खाली ताणणे ही गोळ्याला दिलेली हाकच असते. वाढत्या वयात हे प्रकार वाढतात. गरोदरपणाच्या उत्तरार्धातही पुष्कळ स्त्रियांना याचा त्रास होतो.

उपायही यातूनच निघतो. पाय गुडघ्यात सरळ ठेवून पावलाची बोटे आपल्याकडे, नडगीच्या दिशेने ओढावीत. स्नायू ताणला गेला की कंडरेतील संवेदना मज्जारज्जूला 'आता पुरे' असा निरोप देतात आणि चेतांचा मारा थांबतो. 'अंगठा ओढ रे त्याचा,' असे घरातील जाणती माणसे सांगत आली आहेत, ते अगदी योग्य आहे. उठून उभे राहणे आणि टाच जमिनीवर टेकवून भार देणे, हाही तोच उपाय. नंतर हलक्या हाताने चोळावे, शेक द्यावा. तिळाचे तेल लावावे की काशाच्या वाटीने तळपाय घासावेत, हा ज्याच्या त्याच्या घरच्या परिपाठाचा प्रश्न आहे; त्याने बरे वाटते, एवढे नक्की.

झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम केल्यास रात्रीचे गोळे कमी होतात का, याची परीक्षा नेदरलँड्समध्ये घेण्यात आली. पंचावन्न वर्षांवरील ८० जणांनी त्यात भाग घेतला. व्यायाम करणाऱ्या गटाचा त्रास सहा आठवड्यांत दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाला. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहावे, तळहात भिंतीला टेकावेत, एक पाय मागे घेऊन टाच न उचलता पुढे झुकावे : या व्यायामाला ना पैसा लागतो, ना साधन. याउलट, मॅग्नेशियमच्या गोळ्या या त्रासावर सर्रास घेतल्या जातात; वृद्धांच्या रात्रीच्या गोळ्यांवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, असे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसून आले आहे. हिवतापावरील क्विनीन हे औषधही पूर्वी यासाठी देत असत. त्याने थोडा गुण येई. पण रक्तातील आणि हृदयाच्या ठोक्यांतील गंभीर बिघाड लक्षात आल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००६ साली या वापराविरुद्ध कडक पाऊल उचलले. अर्ध्या मिनिटाच्या गोळ्यासाठी जिवावर बेतणारी गोळी घेऊ नये, हे उघड आहे.

३. उन्हातील गोळे आणि हगवणीतील गोळे

आतापर्यंत पाहिलेले गोळे त्रासदायक असले, तरी बहुधा निरुपद्रवी असतात. दोन प्रसंगी मात्र गोळा हा शरीराने दिलेला इशारा असतो.

पहिला प्रसंग उन्हाचा. विदर्भातील मे महिन्यात रस्त्याचे डांबर पसरणारा मजूर, भट्टीसमोर उभा राहणारा कामगार, फडात ऊस तोडणारी स्त्री यांच्या घामावाटे पाण्याबरोबर मीठही बाहेर पडते. तहान लागली म्हणून नुसते पाणी पीत राहिले, तर पाणी भरून निघते, मीठ निघत नाही. अशा वेळी पोटऱ्या, मांड्या आणि पोटाचे स्नायू यांत पेटके येतात. इंग्लंडमधील खोल व उष्ण कोळशाच्या खाणींत मजुरांना हाच त्रास होई. मॉस नावाच्या अभ्यासकाने १९२३ साली त्याचा छडा लावला, आणि पिण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातल्यावर खाणकामगारांचे पेटके कमी झाल्याचे आढळले. ताकात मीठ घालून ते शेतावर नेण्याची आपल्याकडील रीत त्याहून कितीतरी जुनी आहे.

घामाने मीठ जाणे हे सर्वच पेटक्यांचे कारण मात्र नव्हे. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पायात मुद्दाम पेटके आणून काहींना व्हिनेगरमधील काकडीच्या लोणच्याचे खारे-आंबट पाणी पाजले, तर काहींना साधे पाणी. लोणच्याचे पाणी पिणाऱ्यांचे पेटके लवकर सुटले. ते इतक्या लवकर सुटले की प्यालेले मीठ रक्तात मिसळण्यास अवसरच नव्हता. घशाला लागलेल्या आंबट झणक्यानेच चेतांचा मारा मंदावला असावा, असा तर्क मांडण्यात आला. खेळाडूंचे पेटके बव्हंशी स्नायूंच्या थकव्याने येतात, असे आता अनेक तज्ज्ञ मानतात. वाद अजून मिटलेला नाही.

दुसरा प्रसंग हगवणीचा, आणि तो अधिक गंभीर आहे. पटकी, म्हणजेच कॉलरा झालेल्या रोग्याच्या शरीरातून काही तासांत कित्येक लिटर पाणी आणि क्षार निघून जातात. हातापायांत भयंकर गोळे येणे हे या रोगाचे जुने, ओळखीचे लक्षण आहे. या रोगाचे एक जुने देशी नाव 'मोडशी'. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी गोव्यात राहून लिहिलेल्या आणि तेथेच १५६३ साली छापलेल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन आहे. पुढे या देशी शब्दाला पोर्तुगीजांच्या तोंडी वेगळे रूप आले आणि फ्रेंचांनी तर त्याचे 'मोर द शियें', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे करून टाकले. शब्द कानाने ऐकून आपल्या अर्थाला बसवण्याची खोड केवळ खेड्यातील माणसाला असते असे नाही. आजच्या मराठीत मोडशी म्हणजे अपचनाने होणारी उलटी-जुलाबाची तक्रार, एवढाच सौम्य अर्थ उरला आहे.

अशा रोग्याच्या पोटऱ्या चोळत बसणे म्हणजे हाताशी असलेला वेळ घालवणे होय. त्याला पाणी, मीठ आणि साखर हवी असते. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासित पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या छावणीत आले तेव्हा पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. त्या वेळी डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी रोग्यांना तोंडाने पाजण्यास सांगितले, नातेवाइकांच्या हाती पेले दिले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. मरणोत्तर पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये जाहीर झाला. मराठीत या पाण्याला 'जलसंजीवनी' असे सुंदर नाव मिळाले आहे. तयार पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पाजावे, आणि रोग्यास दवाखान्यात न्यावे.

पाठगत प्रश्न २
(अ) गोळा आल्यावर पावलाची बोटे नडगीकडे का ओढावीत?
(आ) घाम गाळणाऱ्या मजुराने नुसते पाणी पिणे अपुरे का ठरते?
(इ) 'मोडशी' या शब्दाच्या प्रवासाविषयी चार वाक्ये लिहा.

४. नाव सांगावे की लक्षण?

समजा, जळगाव जिल्ह्यातील एक कुटुंब कामासाठी सुरतेस गेले आहे. आईच्या पायाला त्रास होतो आणि मुलगी तिला दवाखान्यात घेऊन जाते. 'पैर में गोला आता है,' असे ती आपल्या परीने हिंदीत सांगते. डॉक्टर पायावर एखादी गाठ आहे काय ते पाहू लागतात. गाठ नसते. मग 'नस चढ़ती है क्या?' असा प्रश्न येतो आणि आई निश्चयाने नाही म्हणते, कारण तिच्या घरी कुणाचीच नस चढत नाही, गोळा येतो! दोघेही एकाच दुखण्याविषयी बोलत असतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना असा प्रसंग अनोळखी वाटणार नाही.

परंतु मराठी डॉक्टरसमोरही अडचण संपत नाही. कारण एकच नाव अनेक दुखण्यांना लावले जाते. 'वात' हा शब्द त्याचे मोठे उदाहरण आहे. संधिवात हे सांध्यांचे दुखणे. पोटरीतील गोळाही 'वात'. आणि धनुर्वातही नावाने वातच. शरीर धनुष्यासारखे वाकते म्हणून ते नाव. पण धनुर्वात हा जखमेतून शिरलेल्या जंतूमुळे होतो. तो जंतू जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी १८८९ साली वेगळा करून दाखवला. जबडा घट्ट मिटलेल्या रोग्याला 'वात आहे' म्हणून तेल चोळत घरी ठेवले, तर प्राण गमावण्याची वेळ येते. 'आखडणे' आणि 'आकडी येणे' यांतही असाच घोटाळा होतो. पाय आखडला म्हणजे तो ताठला, हलवता येईना; आकडी आली म्हणजे झटके आले, बहुधा शुद्धही हरपली. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की दुखणे बदलते.

सर्वांत अधिक काळजी पोटरीच्याच दोन दुखण्यांबाबत घ्यावी लागते, कारण लोक त्यांनाही गोळाच म्हणतात. काही माणसांना ठरावीक अंतर चालले की पोटरी आवळल्यासारखी होते. थांबले की दोन-चार मिनिटांत बरे वाटते. पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा तेच. हे पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेह असलेल्यांत ते विशेष आढळते. दुसरे दुखणे त्याहून घातक. शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर किंवा पुष्कळ दिवस अंथरुणाला खिळल्यावर एकाच पायाची पोटरी सुजते, गरम लागते, दुखणे काही केल्या थांबत नाही. खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा पायाला चोळणे धोक्याचे आहे, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन बसण्याची भीती असते. येथे 'गोळा आला आहे, जरा चोळ' हे नेहमीचे वाक्य जिवावर बेतू शकते.

म्हणून डॉक्टरांना नाव सांगावे, पण तेवढ्यावर थांबू नये. दुखणे रात्री पडल्यावर येते की चालताना? किती वेळ टिकते? एका पायात की दोन्ही? सूज आहे का, कातडीचा रंग बदलला आहे का? सोबत जुलाब, उलट्या, ताप आहे का? लघवी वाढवणारी, रक्तातील चरबी कमी करणारी अशी काही औषधे चालू आहेत का? (या औषधांनीही स्नायू दुखू शकतात, मात्र ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.) ही उत्तरे कोणत्याही भाषेत, मोडक्यातोडक्या शब्दांतही देता येतात आणि त्यांवरून डॉक्टरला मार्ग सापडतो.

५. गोळ्याचे शेजारी

मराठीत अंग दुखण्याचे शब्द विपुल आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. पाठीत 'उसण' भरते. पोटरीत उसण भरली असे कोणी म्हणत नाही. कमरेत 'लचक' भरते, छातीत किंवा पाठीत 'चमक' निघते, पाऊल 'मुरगळते', फोड 'ठणकतो', पोटात 'कळ' येते. पाय दुमडून बराच वेळ बसले की त्यात 'मुंग्या' येतात. या मुंग्यांचा आणि गोळ्याचा संबंध नाही : मुंग्या चेतेवर दाब पडल्याने येतात, आणि त्यात वेदनेपेक्षा बधिरपणा अधिक असतो.

उसणीवरील एक लोकसमजूत अनेक घरांत प्रसिद्ध आहे. पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून बाहेर आलेल्या माणसाने उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की ती उतरते, असे मानतात. उसण बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपोआपच उतरते, त्यामुळे पायाळू मनुष्याचा लौकिक कायम राहतो. गल्लीत त्याला मान मिळतो, पाठ धरलेल्याला धीर येतो.

भाषा-अभ्यास

पुढील वाक्ये पाहा : 'मला गोळा आला.' 'तिला मुंग्या आल्या.' 'काकांच्या पाठीत उसण भरली.' या वाक्यांत क्रिया कोण करते? गोळा येतो, मुंग्या येतात, उसण भरते. माणूस कर्ता नाही. त्याच्याकडे दुखणे येते, पाहुण्यासारखे, आणि जाते. त्यामुळे क्रियापदाचे लिंग व वचन दुखण्याप्रमाणे बदलते : गोळा आला, कळ आली, पेटके आले. 'मी पाय मुरगळून घेतला' असे म्हटले की माणूस कर्ता होतो आणि त्याच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवल्यासारखे होते.

'पोटरीत गोळा येणे' आणि 'पोटात गोळा येणे' यांतील भेद विशेष लक्षात घ्या. पहिला शब्दप्रयोग दुखण्याचा आहे. दुसरा वाक्प्रचार असून त्याचा अर्थ 'अतिशय भीती वाटणे' असा होतो : 'नदीचा पूर पाहून प्रवाशांच्या पोटात गोळा आला.' पोटात खरोखर वायू धरून दुखत असेल, तर त्याला 'वायगोळा' हा निराळा शब्द आहे.

शब्दार्थ

निर्वाळा – खात्रीपूर्वक दिलेला निर्णय. नडगी – गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचे पुढील हाड. कंडरा – स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा. रोहिणी – हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी. फड – ऊसतोडणी चालू असलेले शेत. परिपाठ – नेहमीची रीत. अवसर – वेळ, सवड.

स्वाध्याय

१. 'दुखण्यांच्या नावांपुरते तरी लोकभाषेचे निरीक्षण फार बारीक असते.' हे विधान पाठातील तीन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

२. पोटरी दुखत असताना ती चोळणे केव्हा योग्य आणि केव्हा धोक्याचे, ते कारणे देऊन लिहा.

३. पुढील जोड्यांतील शब्दांच्या अर्थांतील फरक सांगून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा : आखडणे – आकडी येणे, मुंग्या येणे – गोळा येणे, उसण भरणे – मुरगळणे.

४. रात्री पोटरीत वारंवार गोळे येणाऱ्या एका व्यक्तीचा आणि डॉक्टरांचा आठ ते दहा वाक्यांचा संवाद लिहा. रोग्याने दुखण्याचे नाव एकदाच घ्यावे. बाकी सर्व लक्षणांच्या वर्णनाने सांगावे.

५. तुम्ही राहता त्या गावात किंवा शहरात इतर भाषा बोलणारे शेजारी असतील. पोटरीतील गोळ्याला ते काय म्हणतात, ते त्यांना विचारा. त्या शब्दाचा दुसरा काही अर्थ आहे का, हेही विचारा, आणि मिळालेली नावे अर्थासह वहीत नोंदवा.